साष्टीच्या किनाऱ्यावरचे इटालियन ताट

सुटीचा दिवस, जुहू किंवा वेसाव्याचा किनारा, समुद्राकडे तोंड करून मांडलेले टेबल आणि त्यावर एक इटालियन ताट. लांबलचक स्पॅगेटी, तिच्यात तोंडे उघडलेल्या तिसऱ्या, बाजूला माकुळाच्या तळलेल्या कड्या आणि टोमॅटोचा लाल रस्सा. अंधेरी-बोरिवलीच्या तरुण मंडळींना हे दृश्य आता नवलाईचे राहिलेले नाही. आजचा धागा या ताटाविषयी आहे. ताटातला कोणता पदार्थ कुठून आला, हा त्यातला सोपा प्रश्न. ते ताट ज्या वाळूशेजारी वाढले जाते त्या वाळूवर कोण जगत आले, हा अवघड प्रश्न. दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

मित्रहो, आधी भूगोल. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि जुहूपासून ठाण्याच्या खाडीपर्यंतचा सगळा प्रदेश म्हणजे जुने साष्टी बेट. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे याच बेटावर वसली आहेत. या बेटाचे मध्ययुगीन मुख्य शहर ठाणे. मुंबईचे नाव जगाला माहीत होण्याच्या कितीतरी आधी ठाण्याचे नाव अरबी आणि युरोपीय ग्रंथांत येते.

त्यातला एक ग्रंथ आपल्या ताटाच्या दृष्टीने विलक्षण आहे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने अल-इद्रीसी या अरब भूगोलवेत्त्याने ११५४ साली जगाचे वर्णन पूर्ण केले. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात गव्हाच्या पिठाचे धागे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जहाजांत भरून दूरदेशी जातात, असे तो लिहितो. इटलीच्या भूमीवरील सुक्या पास्त्याचा हा सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक उल्लेख. त्याच ग्रंथात 'ताना' या बंदराचेही वर्णन आहे. भोवतालच्या डोंगरांत बांबू उगवतो, बांबूच्या पेरांतून निघणारे वंशलोचन येथून पूर्वेला आणि पश्चिमेला पाठवले जाते, असे इद्रीसी सांगतो. ताना म्हणजे आपले ठाणे. म्हणजे साष्टी आणि पास्ता यांची गाठ एकाच पुस्तकाच्या पानांत पावणेनऊशे वर्षांपूर्वी पडली होती. ताटात पडायला मात्र बराच अवकाश होता.

मार्को पोलोने पास्ता चीनहून इटलीत आणला ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती सोडून द्या. मार्को व्हेनिसला परतला १२९५ मध्ये, आणि जिनोआच्या एका नोटरीने १२७९ साली केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. इद्रीसीची नोंद तर त्याहून सव्वाशे वर्षे जुनी. पीठ मळून त्याचे धागे काढण्याची कल्पना कोणा एका देशाची मिरासदारी नाही. आपल्या शेवया आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे कोकणातले शिरवाळे ही त्याच कल्पनेची घरची रूपे आहेत.

साष्टीत आलेले पहिले ज्ञात इटालियन मात्र जेवायला आले नव्हते. १३२१ साली तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तीन फ्रान्सिस्कन साधू आणि त्यांचा दुभाषा दिमित्री ठाण्याला पोहोचले. तेथल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आश्रय दिला. धर्मविषयक वाद काझीपुढे गेला आणि एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. काही काळाने ओदोरिको हा आणखी एक इटालियन साधू ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या बरोबर घेऊन तो चीनकडे निघाला. त्याच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या उंदीर-वटवाघळांचे नवल आहे, तसाच ज्यांच्यापासून मादक पेय मिळते अशा झाडांचाही उल्लेख आहे. माडी-ताडीचा तो संदर्भ असणार. साष्टीच्या खाद्यपेय जीवनाविषयी इटालियन माणसाने केलेली ही आरंभीची नोंद.

आता ज्याच्यावर थोडे थांबायला हवे असा माणूस. जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली करेरी. इटलीच्या दक्षिण टोकाकडचा, कॅलाब्रियाचा, पेशाने नेपल्सचा वकील. उच्च कुळाचे पाठबळ नसल्याने बढतीचे दरवाजे बंद झाले, तेव्हा १६९३ मध्ये तो जग पाहायला निघाला. हा ना राजदूत होता, ना धर्मप्रचारक, ना कोणत्या कंपनीचा नोकर. एका बंदरात माल विकत घ्यायचा, पुढच्या बंदरात तो विकायचा आणि त्या नफ्यावर प्रवास चालू ठेवायचा, अशी त्याची रीत. पाच वर्षांत त्याने पृथ्वीला फेरी घातली आणि परतल्यावर 'जिरो देल मोंदो' हे सहा खंडांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. हौसेखातर हिंडणारा पर्यटक ही जात तेव्हा जवळपास अस्तित्वात नव्हती. करेरी तिच्या मूळपुरुषांपैकी एक.

१६९५ च्या आरंभी तो दमणमार्गे वसईला आला. तो काळ लक्षात घ्या. छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येला सहा वर्षे झाली होती, राजाराम महाराज जिंजीत होते आणि औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून बसला होता. उत्तर कोकणची ही पट्टी पोर्तुगीजांकडे होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी त्यांना दिली, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. गावे पोर्तुगीज जमीनदारांत आणि धर्मसंघांत वाटलेली होती. वसईच्या मंडळींना कायदा जाणणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी करेरीला भरघोस हुंड्याचे स्थळ दाखवले आणि वकिलीचे कामही देऊ केले. असल्या उष्ण देशात आयुष्य काढण्याची आपल्याला इच्छा नाही, असे सांगून त्याने नकार दिला. फेब्रुवारीतच ज्याला उकडत होते, तो मे महिना पाहता तर काय म्हणाला असता!

वसईहून तो साष्टीत उतरला. आजच्या बोरिवलीतले मंडपेश्वर त्याने पाहिले. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शैव लेणे तेव्हा फ्रान्सिस्कन मठाचा भाग झाले होते. मग तो कान्हेरीला गेला आणि तेथे मात्र थक्क झाला. ही लेणी आशियातले मोठे आश्चर्य आहे, असे त्याने लिहिले आणि ती सिकंदराने कोरविल्याची लोकांची समजूतही नोंदवली. समजूत अर्थातच चुकीची, पण त्याने मापे घेत, खांब न्याहाळत केलेले कान्हेरीचे वर्णन युरोपात छापलेल्या पहिल्या तपशीलवार वर्णनांत मोडते.

माझ्या मते त्याची सर्वांत मोलाची नोंद लेण्यांविषयीची नाही. साष्टीतल्या कुळांविषयी तो जे लिहितो, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा वाचावे. येथल्या शेतकऱ्यांची अवस्था वेठबिगाराहून वाईट आहे, असे तो म्हणतो. खंड भरता येईल इतकी जमीन कसणे त्यांना भाग असते. एका गावाचा जमीनदार नकोसा झाला म्हणून कोणी दुसऱ्या गावी पळाला, तर त्याला बळाने परत आणले जाते. पाहुण्याने यजमानाच्या घराची अशी उघड नोंद करावी, हे त्या काळात विरळा. मठांतल्या आणि जमीनदारांच्या मेजांवर भात कोठून येत होता, हे त्या चार ओळींतून कळते. मासळी आणणाऱ्यांबद्दल त्याच्या लेखणीने असे लक्ष दिलेले दिसत नाही. किनाऱ्याच्या लिखित इतिहासात कोळी बहुधा असाच दृश्याच्या कडेला राहतो.

पुढे करेरी गोव्याला गेला आणि तेथून कृष्णाकाठच्या गलगल्याला जाऊन औरंगजेबाला भेटला. ती गोष्ट वेगळ्या धाग्याची.

आता टोमॅटो. करेरीने नेपल्स सोडले त्याच सुमारास, १६९२ ते १६९४ या काळात, त्याच शहरात अंतोनियो लातीनी नावाच्या खानसाम्याचे पुस्तक दोन खंडांत छापले जात होते. टोमॅटोच्या चटणीवजा सॉसची इटलीत छापलेली पहिली कृती त्यात आहे. निखाऱ्यावर भाजून सोललेले टोमॅटो, बारीक चिरलेला कांदा, मिरची, थोडे तेल, मीठ आणि व्हिनेगर. लातीनी तिला 'स्पॅनिश धर्तीची' म्हणतो, कारण नेपल्सवर स्पेनचे राज्य होते आणि टोमॅटो व मिरची ही दोन्ही फळे स्पॅनिश जहाजांतून अमेरिकेहून आलेली. हा सॉस उकडलेल्या पदार्थांबरोबर खायचा होता. पास्त्यावर टोमॅटो ओतण्याची रीत छापील पुस्तकांत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा करेरी साष्टीत हिंडत असताना त्याला कोणी 'तुमचे टोमॅटोचे जेवण' म्हटले असते, तर तो बुचकळ्यात पडला असता.

आपल्याकडचा हिशेबही तपासू. पोर्तुगीजांमार्फत आलेल्या वस्तूंनी मराठीत आपली नावे सोडली आहेत: बटाटा, काजू, अननस, पाव. मिरचीने मिरीवरून देशी नाव घेतले. 'टोमॅटो' हा शब्द मात्र इंग्रजीतून आला, आणि ते फळ आपल्या रोजच्या स्वयंपाकात उशिरा, इंग्रजी अमदानीत स्थिरावल्याची ती खूण आहे. शेजारच्या बंगालीत तर त्याला 'विलायती वांगे' अशा अर्थाचे नाव पडले. कोळ्यांच्या कालवणाला आंबटपणा येत असे तो आमसूल, चिंच किंवा कैरीचा. लाल कालवण मिरचीने लाल होते. म्हणजे ताटातल्या लाल रश्शाबाबत इटालियन आणि कोळी दोघेही सारखेच नवखे ठरतात. 'आमचे पदार्थ अनादी काळापासून असेच आहेत' हा दावा दोन्ही किनाऱ्यांवर टिकत नाही.

जुने आहे ते समुद्रातले. तिसऱ्या घ्या. नेपल्सच्या उपसागरातल्या शिंपल्या स्पॅगेटीत घालतात त्या 'वोंगोले', आणि ओहोटीला चिखल-वाळू उकरून आपल्याकडच्या बायका टोपलीत गोळा करतात त्या तिसऱ्या, या एकमेकींच्या चुलतबहिणी म्हणाव्यात. इटालियन स्वयंपाकी लसूण, तेल आणि वाइन घालून झाकण ठेवतो. आपल्याकडे एक शिंपली काढून मांस दुसरीत तसेच ठेवतात, ओले खोबरे घालतात आणि त्याला एकशिपी म्हणतात. तत्त्व एकच. शिंपलीचे खारे पाणी वाया घालवायचे नाही. या तिसऱ्या खाडीच्या तोंडाशी मिळतात आणि मालाडच्या खाडीत आता शहराचे सांडपाणी वाहते. तेव्हा किनाऱ्यावरच्या हॉटेलातली तिसरी त्याच किनाऱ्यावरची असेलच असे समजू नये.

माकुळाची कथा याच्या उलट. आज 'कालामारी' म्हणून ज्याच्या कड्या चढ्या भावाने विकल्या जातात, त्या माकुळाला आपल्या मासळीबाजारात पूर्वी फारसा मान नव्हता. सरंगा, रावस, घोळ, सुरमई यांच्या पंगतीत तो कधी बसला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रॉलर आले, बर्फाचे कारखाने आले, गोठवलेल्या मासळीची निर्यात वाढली आणि माकुळाला भाव आला. त्याचे मोठे गिऱ्हाईक दक्षिण युरोप, त्यात स्पेन आणि इटली आघाडीवर. अरबी समुद्रातला माकूळ इटलीला जातो आणि त्याची इटालियन कृती पाककलेच्या पुस्तकातून जुहूला परत येते, असा हा वळसा आहे.

आणि या ताटात जो नाही त्याच्याविषयी बोलल्याशिवाय साष्टीच्या समुद्राचा विषय पुरा होत नाही. तो म्हणजे बोंबील. लुसलुशीत, पाण्याने भरलेला, हातात धरला तर लुळा पडणारा. त्याच्यासाठी कोळ्यांनी डोल जाळे वापरले. शंकूच्या आकाराची ही प्रचंड पिशवी समुद्रात पक्की रोवून किंवा नांगरून ठेवतात. तिला ओढत न्यायचे नसते. भरती-ओहोटीचा ओघ स्वतःच मासळी तिच्यात लोटतो. म्हणून डोलकराला चंद्राची तिथी पाठ असावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ओघ जोराचा असतो आणि जाळे भरते. अष्टमीच्या आगेमागे भांग असते, तेव्हा पाणी मंद आणि मिळकतही मंद. घड्याळ आणि पंचांग दोन्ही एका जाळ्यात गुंफलेले हे तंत्र आहे. ओला बोंबील टिकत नाही, म्हणून उरलेला माल बांबूच्या वलांडीवर, जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून, उन्हावाऱ्यात वाळत घालतात. हे वाळवणे, निवडणे आणि विकणे हे प्रामुख्याने कोळणींचे राज्य. पावसाळ्यात समुद्र बंद असताना घर चालते ते याच सुक्या मासळीवर. बोंबलाच्या वलांडीला लागते मोकळी, वाऱ्यावरची, समुद्रालगतची जागा. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

राजकीय इतिहास येथे दोन ओळींत उरकतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीवर कब्जा केला. १८४५ मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला आणि १८६० च्या दशकात अंधेरी-बोरिवलीवरून आगगाडी धावू लागली. शहर बेटाकडे सरकू लागले.

त्याबरोबर किनाऱ्याकडे पाहण्याची नवी नजर आली. कोळ्यासाठी वाळू म्हणजे होडी ओढण्याची, जाळे विणण्याची आणि मासळी सुकवण्याची जागा. शहरातल्या श्रीमंतासाठी ती हवा खाण्याची जागा झाली. वेसाव्याला सुटीसाठी बंगले उठले आणि सात बंगला हे नाव आजही त्यांची आठवण सांगते. दादाभाई नौरोजी उतारवयात वेसाव्यालाच राहिले. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी जुहूला जमीन घेऊन बंगला बांधला. जुहू तारा भागात सुमारे १,२०० एकरांवर एकेक एकराचे भूखंड पाडून समुद्रकाठचे विश्रांतिस्थान वसवावे, अशी त्यांची योजना होती. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती कागदावरच राहिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी जुहूच्या वाळूवर सन-अँड-सँड हे हॉटेल उघडले आणि किनाऱ्यावर बसून जेवणे ही चैन शहराच्या, विशेषतः चित्रपटसृष्टीच्या, अंगवळणी पडली. पुढच्या दशकांत तेथे हॉटेलांची रांग लागली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून इटालियन ताट बाहेर पडले.

उपनगरवासीयांच्या तोंडी एक इटालियन नाव त्याआधीच बसले होते, हे जाता जाता सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्टमध्ये मोंजिनी नावाच्या इटालियन बंधूंचा खानपानाचा व्यवसाय होता आणि गिऱ्हाईक मुख्यतः युरोपीय. स्वातंत्र्यानंतर तो खोराकीवाला कुटुंबाने घेतला आणि मोंजिनीस अंधेरीहून घरोघर केक पोहोचवू लागले. वाढदिवसाचा केक कापताना आपण इटलीच्या एका आडनावाला सुरी लावतो, हे कितीजणांच्या लक्षात येते?

आता त्या अवघड प्रश्नाकडे. साष्टीचे मूळ रहिवासी आपली ओळख नोंदवण्याबाबत उदासीन नव्हते. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या येथल्या भूमिपुत्रांना इंग्रजी अमलात सरसकट 'पोर्तुगीज' म्हटले जाई. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, हे ठसवण्यासाठी त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आपली संघटना स्थापली. नाव विचित्र वाटेल, हेतू मात्र स्पष्ट होता. सरकारदरबारी आणि नोकरीत आपण येथले आहोत हे सिद्ध करणे. मनोरी, गोराई, मढ या गावांत ख्रिस्ती कोळी आहेत, वेसाव्याच्या कोळीवाड्यात प्रामुख्याने हिंदू. देवळे-चर्चे वेगळी, पण उधाणाची तिथी सर्वांची एक.

१९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना काढली आणि भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर बंधने आली. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. २०१९ मध्ये नवे नियम आले आणि काही बंधने सैल झाली. या सगळ्यात तंटा मुख्यतः घराचा वाटतो, पण कोळीवाड्याचे म्हणणे असे की घर हा गावाचा अर्धाच भाग. होडी लावण्याची, जाळी पसरण्याची आणि वलांडी उभारण्याची जागा हा उरलेला अर्धा. त्या जागेवर भिंत नसते, छप्पर नसते, बहुधा कोणा एकाच्या नावे उताराही नसतो. ती गावाची असते. सीमांकन करणाऱ्याला नकाशावर तेथे मोकळी जमीन दिसते, आणि मोकळी जमीन मुंबईत फार दिवस मोकळी राहत नाही. करेरीने पाहिलेल्या कुळाला जमीन सोडून जाण्याची मुभा नव्हती. आजच्या डोलकराची अडचण जमिनीवर राहण्याची आहे.

वेसाव्याचा कोळीवाडा गेली काही वर्षे स्वतःच सी-फूड फेस्टिव्हल भरवतो. तेथे तव्यावर कोळणी उभ्या असतात, दर फळ्यावर मराठीत लिहिलेले असतात आणि चिंबोरी, करंदी, शेवंड, बोंबील यांच्याबरोबर गर्दीला माकूळही मिळतो. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून हंगाम उघडतो आणि पाऊस ओसरला की वेसाव्याच्या वलांडीवर पुन्हा बोंबील लटकू लागतात.

पुढचा धागा मंडपेश्वरावर. शैव लेणे, मग चर्च, मग पुन्हा देऊळ, असा तो प्रवास आहे.